साहेबांची खोली

प्रिय लिफ्टवाल्या,

तुला असं म्हटलेलं आवडत नाही, ठाऊक आहे. लिफ्टवाला स्टुलावर बसून बटणं दाबतो, मी मेकॅनिक आहे, हे तू लग्नाआधी मला, लग्नात माझ्या काकांना आणि लग्नानंतर निदान अर्ध्या इमारतीला समजावून सांगितलं आहेस. पण 'प्रिय मेकॅनिक' असं लिहून पाहिलं तर ते थकलेल्या बिलाच्या तगाद्यासारखं दिसायला लागलं, म्हणून खोडलं. तेव्हा आजच्यापुरतं चालवून घे.

कागद नेहमीच्या जागी, साखरेच्या डब्याखालीच ठेवते आहे. पण ही नेहमीची चिठ्ठी समजून उभ्याउभ्या वाचू नकोस. बूट काढ, हात धू, चहा टाक, खुर्ची ओढून बस आणि मग वाच. आणि हो, आधी शेवटचं पान काढून बघायचं नाही. वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या पत्रात तसं केलंस तर तुझंच नुकसान आहे. मध्ये बरंच काही आहे, आणि ते आधी वाचल्याशिवाय शेवट तुला पचणार नाही.

विषय आकड्याचा आहे. दुसरा कुठला असणार म्हणा! आपल्या घरात दोन वर्षं दुसरा विषयच नाही. आकडा पुरा झाल्याशिवाय मूल नाही, हा आपला ठराव. 'आपला' म्हणते, कारण मीही मान हलवली होती. तो आता मोडायची वेळ आली आहे असं मला वाटतं, आणि तुला तसं वाटेल की नाही, हे मला खरंच माहीत नाही. एका घरात राहून नवऱ्याच्या मनातलं माहीत नसणं ही काही मोठी गोष्ट नाही, बायका पन्नास पन्नास वर्षं तशा काढतात. पण मला ते जमत नाहीये.

आकडा ठरला तो दिवस तुला आठवतो का? आपण जमिनीवर बसलो होतो, कारण तेव्हा खुर्च्या नव्हत्या. तू बिलाच्या पाठीवर लिहीत होतास आणि मी सांगत होते. दवाखाना, औषधं, पाळणा, दुपटी, मी कामावर जाणार नाही त्या महिन्यांचा घरखर्च, आणि अडीअडचणीला म्हणून थोडं वर. बेरीज केल्यावर तू शीळ घातलीस. पण घाबरल्यासारखी नाही, एखादं अवजड यंत्र उचलण्याआधी घालतात तशी. म्हणालास, जमेल, दीड वर्षात जमेल. मग तू समोरच्या छोट्या खोलीकडे बोट दाखवून म्हणालास, ही साहेबांची खोली. तेव्हापासून आपलं न झालेलं मूल घरात 'साहेब' झालं. साहेबांना खिडकी लागेल. साहेबांना भिंतींचा हा रंग चालणार नाही. मी तुझी खूप थट्टा केली होती. रात्री झोपताना मात्र मलाही तो शब्द आवडला होता.

मग तुझ्याबरोबर काम करणाऱ्या वायरमनच्या बायकोचं बाळंतपण अडलं, ऑपरेशन करावं लागलं, आणि आकडा वाढला. ते बरोबरच होतं, मी काही म्हटलं नाही. मग घरभाडं वाढलं, म्हणून आकडा वाढला. मग त्याच वायरमनने पोराला शाळेत घालायच्या फीचा आकडा सांगितला आणि तू दोन दिवस कागदावर हिशेब मांडत बसलास. तिसऱ्या दिवशी शाळा त्यात आली. मग डोळ्यांचे डॉक्टर, दातांना लावायची तार, सायकल. साहेबांचा अजून पत्ता नव्हता आणि आपण त्यांच्या कॉलेजच्या वसतिगृहाचं भाडं काढून बसलो होतो. हा वायरमन एवढी बडबड करणारा नसता तर आज आपली परिस्थिती वेगळी असती, असं मला अधूनमधून वाटतं.

आकडा वाढला तसे आपण कामाला लागलो. तू रात्रपाळी मागून घेतलीस, कारण कचेऱ्यांच्या लिफ्ट रात्रीच उघडता येतात आणि रात्रीला भत्ता आहे. मी हॉटेलच्या लाँड्रीत दिवसपाळीला जोडून ओव्हरटाइम घेतला. तुझी सुट्टी रविवारी, माझी बुधवारी, त्याही दोघांनी विकून टाकल्या. मी बुधवारी दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करते, तू रविवारी कुणाच्या तरी खासगी इमारतीत जाऊन दोरांना ग्रीस लावतोस. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे साहेबांची खोली रिकामी पडून आहे म्हणून आपण ती भाड्याने दिली. बाळासाठी पैसे साठवायचे म्हणून बाळाचीच खोली दुसऱ्याला! ताईला हे फोनवर सांगितलं. तिने विचारलं, अगं, आणि तुम्ही दोघं भेटता कधी?

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिने नेमकं बोट ठेवलं. आपण दोघांनी इतका बारीक विचार केला, दातांच्या तारेपर्यंत केला, पण मूल व्हायचं तर दोन माणसं एका वेळी एका घरात आणि शक्यतो जागी असावी लागतात, एवढीशी गोष्ट हिशेबात धरायची राहून गेली. हे कुणाला सांगितलं तर लोक हसून हसून लोळतील. मी सांगत नाही.

आपल्या घरातलं अंथरूण मात्र कधी गार होत नाही. मी उठून निघते, थोड्या वेळात तू येऊन त्याच उबेत आडवा होतोस. मी संध्याकाळी परतते तेव्हा तू निघून गेलेला असतोस आणि उशीला तुझ्या डोक्याचा खळगा असतो. पहिले काही महिने मी त्याच खळग्यात डोकं ठेवून झोपायची. आता उशी झटकून घेते. त्यात ग्रीसचा वास असतो, आणि मला सध्या वास सहन होत नाहीत.

झोपलेल्याला उठवायचं नाही, हा नियम माझाच. तू एकदा सांगितलं होतंस, की लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर झोप असेल तर तो वर येईलच असं नाही. तू ते सहज सांगितलंस आणि पुढे जेवायला लागलास. त्यानंतर ओव्हरटाइम नसलेल्या एखाद्या दिवशी मी लवकर परतले आणि तू अजून झोपलेला असलास, तरी मी भांड्यालासुद्धा आवाज होऊ दिलेला नाही. दारात उभी राहून बघते. तू तोंड उघडं टाकून झोपतोस. मग मी जिन्यात जाऊन बसते. फोनवर बोलता आलं असतं म्हणशील, तर खड्ड्यात तुला रेंज नसते आणि लाँड्रीच्या फाटकावर आमचे फोन काढून घेतात, हे तुलाही ठाऊक आहे. एवढं सगळं नीट जुळवून आणणं दुसऱ्या कुठल्या जोडप्याला जमलं नसतं.

राहिल्या चिठ्ठ्या. पहिल्या पहिल्या चिठ्ठ्या कशा होत्या! तू एकदा लिफ्टचं चित्र काढून तिला माझ्यासारखं नाक काढलं होतंस, आणि खाली लिहिलं होतंस, 'ही पण सारखी मधेच अडते.' मी त्याखाली लिहिलं, 'दार नीट लावत नाहीस म्हणून.' ते मी फ्रीजच्या दारावर कितीतरी दिवस चिकटवलं होतं. मग हळूहळू गॅस, नळ, भाडं, किल्ली. गेले तीन आठवडे तू मला फक्त 'दूध' एवढंच लिहिलं आहेस. एकदा 'दूध नाही' असं होतं, तेवढाच बदल. तक्रार म्हणून लिहीत नाही. मीही उलट 'बरं' एवढंच लिहिते आहे.

आणि तो बसस्टॉप. तुझ्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. माझी बस उशिरा आली आणि तू रस्ता ओलांडून समोरून आलास. मी विचारलं, खाल्लंस का काही? तू म्हणालास, हो, तू? मी म्हटलं, घेईन तिकडे. मग तू म्हणालास, बस आली तुझी. मी चढले, जागा मिळाली, बसले, आणि दोन स्टॉप गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की तुला दाढी आहे. चांगली वाढलेली, विंचरलेली दाढी. ती कधी आली, का आली, कुणी सुचवली, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. शेजारच्या बाईला वाटलं असेल मला उतरायचं आहे, इतकी मी खिडकीला चिकटून मागे बघत होते. चांगली दिसते, हे सांगायचं राहिलं. आता सांगते.

आता बातम्या. पहिली बातमी तुला आवडणार नाही. मास्तरीणबाई साहेबांची खोली सोडताहेत. महिनाअखेरीला जाणार. त्यांच्या भाचीने पलीकडच्या इमारतीत त्यांच्यासाठी जागा बघून ठेवली आहे. म्हणजे भाडं बंद. तू लगेच बोटांवर मोजायला घेशील, म्हणून आधीच सांगते की मी त्यांना थांबा म्हटलेलं नाही. त्या स्वतःहून म्हणाल्या आणि मी बरं म्हटलं. मला त्या गेल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होईल. आयुष्यभर टायपिंग शिकवून शिकवून त्यांची बोटं टेबलावर आपोआप चालतात, आणि कान एवढे तिखट, की तू कोणत्या कुशीवर झोपलास ते त्या मला संध्याकाळी सांगतात. खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात मला तुझ्याबद्दल जे काही कळलं, ते त्यांच्याकडून. 'तुमचे हे आज खोकत होते हो.' 'तुमच्या ह्यांनी आज दोनदा चहा घेतला.' 'तुमचे हे आज खिडकीशी उभे होते बराच वेळ.' आणि माझ्याबद्दल तुलाही त्या असंच सांगत असणार. आपल्या संसाराची खडान्‌खडा माहिती असलेलं एकच माणूस या घरात आहे, आणि ते भाडं देतं.

दुसरी बातमी म्हणजे मला इस्त्रीवरून काढून घड्यांवर घातलं आहे. घड्यांच्या टेबलाला पैसे कमी आहेत, हे तुला सांगायला नकोच. पण तिथे बसता येतं आणि वाफ नसते. ही बदली माझ्यावर कुणी लादलेली नाही. आमच्या सुपरवायझर बाई, ज्यांच्या तोंडून कधी एक गोड शब्द निघत नाही, त्यांनी मला मशीनपाशी तोंडावर रुमाल धरून उभी असलेली पाहिली, काही विचारलं नाही, हात धरून टेबलाशी नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, इथून हलायचं नाही. मी म्हटलं, बाई, पैसे कमी होतील. त्या म्हणाल्या, होऊ दे. एवढंच. त्यांच्याबद्दल मी तुला आजवर जे काही वाईटसाईट सांगितलं असेल, ते परत घेते.

तिसरी बातमी आईंची. त्या येऊन गेल्या. तू झोपला होतास, आणि तुला उठवायचं नाही म्हटल्यावर त्या स्वयंपाकघरात बसून मास्तरीणबाईंशी गप्पा मारत होत्या. मी ओव्हरटाइम सोडून लवकर आले होते, तब्येत ठीक नव्हती म्हणून. दारातच त्यांचा आवाज ऐकू आला, आणि कुठली गोष्ट चालू आहे ते मला पहिल्या वाक्यावरून कळलं. 'हा झाला ना, तेव्हा घरात दमडी नव्हती.' तीच. त्याच आठवड्यात बाबांची नोकरी गेली होती. दवाखान्याचं बिल भरायला शिवणाचं मशीन विकावं लागलं. आणि मग त्यांचा तो आवडता भाग, त्यांनी बाबांना दिवस राहिल्याचं सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा कसा झाला तो. आई ती नक्कल काय करतात! भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, आणि हात आपोआप खिशाकडे. मास्तरीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. आईही हसल्या. त्या माणूस म्हणून वाईट आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. मशीन विकूनही त्यांनी तुला हौसेने वाढवलं. त्यांच्या लेखी ती आता गमतीचीच गोष्ट आहे.

पण मी ती गोष्ट तुझ्या शेजारी बसून कितीतरी वेळा ऐकली आहे. लग्नात, माझ्या माहेरच्यांसमोर, तुझ्या मित्रांसमोर. तू दर वेळी हसतोस. सगळ्यांच्या आधी हसतोस. आणि मग हळूच उठतोस आणि नळ दुरुस्त करायला घेतोस. नळ चांगला असला तरी. एकदा तू त्यांच्या घरी पूर्ण पंखा उतरवून परत चढवलास. मला वाटतं, तुझा आकडा त्या पंख्यापाशी सुरू झाला. तू मला एकदाच म्हणाला होतास, चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता, की आपल्या पोराबद्दल असं कुणाला म्हणता येता कामा नये. आला तेव्हा अडचण होती, असं त्याच्या कानावर कधी पडता कामा नये. मी तेव्हा म्हटलं, नाही पडणार. तो शब्द मी विसरलेले नाही. तुझ्या आकड्यावर मी चिडले, हसले, ताईशी भांडले, पण त्याला वेडेपणा कधी म्हटलं नाही, ते यामुळे.

आता बॉयलरचं. आमच्या लाँड्रीचा बॉयलर बंद पडला तो दिवस. सगळ्यांना घरी धाडलं, अर्ध्या दिवसाच्या पैशांवर पाणी. मी घरात शिरले तर तू गाढ झोपलेला, मास्तरीणबाई भाचीकडे गेलेल्या. मी अगदी हळू चालले, पण पिशवीतून डबा पडला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला असेल. तू धडपडून उठलास आणि चोर शिरल्यासारखा माझ्याकडे बघायला लागलास, हातात उशी! उशीने चोराला काय करणार होतास ते मला अजून कळलेलं नाही. मग आपण हसायला लागलो. किती दिवसांनी हसलो! तू अंडी तळलीस आणि करपवलीस. मी विचारलं, लिफ्टचा दोर तुटला तर काय होतं रे, तर तू दोरा, चमचा आणि साबणाचा डबा घेऊन जमिनीवर बसलास आणि मला दाखवलंस, की ती पडत नाही, कडेच्या रुळांना घट्ट धरून जागच्या जागी थांबते. तुला ते इतकं नीट सांगता येतं, आणि सांगताना तू इतका आनंदी दिसतोस! मला तू त्या दिवशी फार आवडलास. त्यापुढचं लिहीत नाही, तू हजर होतास.

संध्याकाळी बुटाच्या नाड्या बांधताना तू विचारलंस, तुझा अर्धा दिवस बुडाला ना आज? मी म्हटलं, हो. तू म्हणालास, बुधवारी जास्त वेळ थांबून भरून काढ. दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभी असताना मला त्याचा असा काही राग आला की एक उशीची खोळ जाळली. तिचे पैसे पगारातून कापले गेले. म्हणजे तुझ्या त्या वाक्याने आकडा थोडा लांबच गेला, जवळ आला नाही.

बॉयलरची ती दुरुस्ती हॉटेलला फार महागात पडली म्हणतात. आपल्यालाही पडणार आहे.

हो. तेच. मी दवाखान्यात जाऊन आले, दोनदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं उत्तम आहे. त्यांनी विचारलं, सोबत कोण आलंय? मी म्हटलं, नवरा झोपलाय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला सांगावं लागलं, नाही हो, खरंच झोपलाय, रात्रपाळी असते. मास्तरीणबाईंना मी काही बोलले नव्हते. त्यांनी भिंतीपलीकडून पहाटेची माझी उलटी ऐकली, आणि चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, साहेबांची खोली कधी रिकामी करायची ते आधी सांगा हं बाई, म्हाताऱ्या माणसाला सामान हलवायला वेळ लागतो. 'साहेब' हा शब्द त्यांना कुणी सांगितला? तूच सांगितला असणार. म्हणजे तू अजून त्या खोलीला तेच म्हणतोस. हे कळल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि बाहेर आल्यावर हे पत्र लिहायचं ठरवलं.

मी बँकेतही जाऊन आले. आपला आजचा आकडा पुरा झालेला नाही, बराच बाकी आहे, आणि माझी घड्यांवरची बदली आणि बाईंचं भाडं धरलं तर तो आता होणारही नाही. पण पहिला आकडा, जमिनीवर बसून बिलाच्या पाठीवर काढलेला, तो पुरा झाला आहे. गेल्या वर्षीच झाला. आपण तो ओलांडून कधीच पुढे निघून गेलो आणि दोघांपैकी एकालाही कळलं नाही. ज्या दिवशी तो झाला, त्या दिवशी आपण बहुतेक एकमेकांना 'दूध' लिहिलं असेल. तेव्हा घरात दमडी नाही, असं या पोराबद्दल कुणाला म्हणता येणार नाही. दवाखाना आहे, पाळणा आहे, मी घरी बसेन ते महिने आहेत, वर थोडं अडीअडचणीला आहे. दातांची तार नाही. दात आल्यावर बघू.

आणि मला आनंद झाला आहे. हे लिहायला इतकी पानं लागली बघ. पहिल्या क्षणी नाही झाला, खोटं कशाला बोलू. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार ओव्हरटाइमचा आला. समोरच्या काचेच्या कपाटात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चांगला नव्हता. हात पर्सवर होता. मग घरी येताना, बसमध्ये, कुठल्यातरी स्टॉपच्या आसपास तो चेहरा हळूहळू बदलला. घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते. पण मला तेवढा रस्ता मिळाला, आणि माझ्याकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं. म्हणून हे पत्र. तुला उठवून सांगता आलं असतं, नियम गेला खड्ड्यात. पण मग तुझा पहिला चेहरा मी पाहिला असता, आणि तो मी जन्मभर विसरले नसते. मग कधीतरी, पंचवीस वर्षांनी, चार लोक जमलेले असताना, मीही हसत हसत त्याची नक्कल करून दाखवली असती, आणि साहेब उठून नळ दुरुस्त करायला गेले असते. ते मला नको आहे. म्हणून तुलाही तुझा तेवढा रस्ता देते आहे. आज मी खाडा केला आहे, महिन्यातला पहिला, म्हणजे पूर्ण हजेरीचे जास्तीचे पैसेही गेले. तुला कळू नये म्हणून चपला आत आणून ठेवल्या आहेत. मास्तरीणबाईंनाही सकाळीच भाचीकडे पाठवलं आहे. म्हणजे या ओळीपर्यंत येताना तुझा चेहरा जो काही व्हायचा होता तो होऊन गेला असेल, हात जिकडे जायचा तिकडे गेला असेल, आणि ते कुणीही पाहिलेलं नाही. मी नाही, बाईंनी नाही, साहेबांनी तर नाहीच. आणखी थोडा वेळ हवा असेल तर घे, चहा संपव. नळाला हात लावू नकोस, तो चांगला आहे. मग आत ये. मी जागी आहे.

तुझीच,
आतल्या खोलीतून